बेटावरची दोन एकर आणि तो मंगळवार

नमस्कार. गेली दोन-तीन वर्षं मी इथले अनुभव नुसते वाचते. खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसायला येतं. मी सदतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यातली अर्धी नाइट ड्यूटी. किती माणसं माझ्या हातात गेली, त्यांची गणती नाही. त्यातलं एकही कधी परत येऊन मला काही बोललं नाही. त्यामुळे भूत, आत्मा, संकेत... या गोष्टींना माझ्या डोक्यात कधी जागाच नव्हती. आजही नाही. तरी हे लिहायला बसले आहे. कारण ज्या तीन माणसांनी पाहिलं, त्यातलं एक गेल्या थंडीत गेलं.

आम्ही भुसावळचे. आमचे हे रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. मूळ अमळनेरकडचे, वडिलांची शेती भावांत वाटून संपली आणि ह्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. नोकरीभर एकच वाक्य — "रिटायर झालो की दोन एकर घेईन." भुसावळ, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात जमिनीचा भाव ऐकूनच आम्ही घरी परतायचो. मग शेडमधल्या एका जुन्या सोबत्यानं सांगितलं, शिंदखेडा तालुक्यात तापीत एक बेट आहे, तिथं निम्म्याहून कमी भावात काळी जमीन मिळते.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पूर्वी ते नदीकाठचं साधं गाव होतं. पुढे खाली बंधारा झाला, पाणी फुगलं, गावाच्या मागचा नाला भरून नदीच झाला आणि उंचवट्यावरचा भाग पाण्यात सुटा पडला. बहुतेक लोक काठावरच्या नव्या गावठाणात गेले, बारा-तेरा घरं मात्र तिथंच राहिली. वैशाखात पाणी उतरलं की महिनाभर चिखलातून पायी जाता येतं. बाकी वर्षभर होडी.

पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मी घड्याळ लावून बसले. सवयच तशी. होडी आपल्या काठाला असेल तर वीस मिनिटं. पलीकडे असेल तर हाका मारा, वाट बघा — पाऊण तास. काठावरून रिक्षानं शिंदखेडा. तिथं डॉक्टर आहेत, पण हृदयाचं किंवा मेंदूचं काही झालं तर धुळे. परतताना मी होडीतच सांगितलं, "अडीच तास. अहो, अडीच तासांत माणूस राहत नाही."

हे हसले. म्हणाले, "तू सोबत असशीलच की."

"मी इथं पाऊल ठेवणार नाही," मी म्हणाले.

जमीन मात्र खरंच चांगली होती, हे मान्य करते. हात घातला की कोपरापर्यंत काळी माती. पाणी तर चारी बाजूंनी. शेजारच्या शेतातल्या सुगनअक्का — सत्तरीच्या, सुनेसोबत शेतावरच घर — मला म्हणाल्या होत्या, "आठे बठ्ठं शे ताई, फक्त वाट नही." इथं सगळं आहे, फक्त वाट नाही; स्वस्ताईचं सगळं कारण त्या एका वाक्यात होतं. कांदा निघाला तरी होडीतून दहा-दहा गोणी न्यायच्या, व्यापारी तेवढा भाव पाडून मागणार. दूध काठापर्यंत नेताना नासायचं. वादळात वीज गेली की आठवडाभर कुणी बघायला येत नसे. तिथल्या मुलांना मुली मिळत नव्हत्या. ज्यानं आम्हाला जमीन विकली, तो त्याच कारणानं मुलांसोबत सुरतला गेला होता.

ह्यांनी तरीही घेतली. मी सही केली, पण महिनाभर धड बोलले नाही. पुढे दोन वर्षं हे आठवड्यातून एकदा सुरत लाइनच्या पॅसेंजरनं शिंदखेड्याला जायचे, होडीनं बेटावर, संध्याकाळी परत. बेटावर सगळे त्यांना भाऊ म्हणत. उखर्डू नावाचा भोई होडी चालवायचा, त्याच्याशी ह्यांची दोस्ती. मी बोलल्याप्रमाणे परत गेले नाही. घरी आले की हे त्या मातीबद्दल सांगायचे आणि मी भांडी घासत राहायचे...

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. ह्यांनी लिंबाची बावीस रोपं नेऊन अक्कांच्या निंबाखाली ठेवली होती. खड्डे उन्हाळ्यातच खणून झाले होते. जमीन ओली झाली, आता मंगळवारी जाऊन लावायची, असं ठरलं. मंगळवारी सकाळी हे पिशवी भरून तयार. मी पाहिलं, चेहरा उतरलेला, रात्री दोनदा उठून डोकं दुखतंय म्हणाले होते. मी बीपी मोजलं. बरंच जास्त होतं.

मी म्हणाले, "आज जायचं नाही."

"रोपं सुकतील गं."

"सुकू देत. तिकडे काही झालं तर मला बोलावू नका. मी येणार नाही. सांगून ठेवते."

हे वाक्य मी बोलले. माझ्या तोंडून गेलं. ह्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत पेपर घेऊन बसले. गाडी निघून गेली. साडेदहाच्या सुमारास मी चहा आणला तर पेपर खाली पडलेला आणि मान एका बाजूला कललेली होती.

पुढचं सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. शेजाऱ्यांनी मदत केली, आठव्या मिनिटाला अॅम्ब्युलन्स दारात. हॉस्पिटल हाकेवर. डॉक्टर हजर. कॅज्युअल्टीत माझ्यासमोर त्यांचा आकाशी शर्ट कात्रीनं गळ्यापासून खालपर्यंत उभा कापला, कारण हात वर करून काढण्याइतका वेळ नव्हता. स्कॅन झाला. मेंदूत मोठा रक्तस्राव. दुपारी बारा वाजायच्या आत जळगावला हलवलं, व्हेंटिलेटरवर ठेवलं. ओळखीमुळे मला आयसीयूत बसू दिलं. मी संध्याकाळपर्यंत त्यांचा डावा पाय धरून बसले होते. म्हणजे ते कुठे होते, याबद्दल मला तरी शंका नाही. बुधवारी पहाटे गेले.

ज्या अडीच तासांवरून मी दोन वर्षं भांडले, ते इथं लागलेच नाहीत. तरी माणूस गेलं.

दिवस-कार्य झालं. मुलगी नाशिकला असते, ती महिनाभर राहून परत गेली. धुळ्याचा एक माणूस जमीन घ्यायला तयार होता, त्याला मी हो म्हणून टाकलं. बेटावर मात्र कुणालाच काही कळलं नव्हतं. तिथं रेंज येत नाही आणि माझ्याकडे कुणाचा नंबर नव्हता. निदान अक्कांना सांगावं, जमिनीच्या कागदावरच्या हद्दीच्या खुणा जागेवर बघाव्यात, म्हणून एका सकाळी मी त्याच पॅसेंजरनं निघाले. एकटीच.

काठावर उखर्डू होता. त्यानं मला ओळखलं. "भाऊ नही उनात का?"

भाऊ का आले नाहीत, ते मी सांगितलं. तो खाली बसला. मग त्यानं विचारलं, "कोनता दिन?"

"मंगळवारी पडले. बुधवारी पहाटे गेले. अमावस्येच्या आधीचा मंगळवार."

"बजारना मंगयवार?"

"हो, मंगळवारच."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मंगळवारी काठावरच्या गावाचा आठवडी बाजार; त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत होडी चालू असते. पलीकडे उतरताना एवढंच म्हणाला, "अक्काले इचारा. माले काही इचारू नका."

अक्का अंगणात शेंगा निवडत होत्या. मला बघून आधी रागावल्याच. "इतला उशीर कसाले कया, बाई? भाऊ म्हने, ती यी. मी रोज वाट दखस."

मला वाटलं, मी येईन असं पूर्वी कधी तरी म्हणाले असतील. मी विचारलं, "कधी म्हणाले?"

"त्या मंगयवारले. रोपं लावाले उनथात तवय."

मी म्हणाले, "अक्का, तुम्ही वार चुकताय. मंगळवारी ते आले नव्हते."

अक्का उठल्या, माझा हात धरून शेतात घेऊन गेल्या. बावीसच्या बावीस रोपं लावलेली होती. सरळ रांगेत, बुडाशी आळं, वाऱ्याच्या बाजूला काठी आणि काठीला सुतळीची दुहेरी गाठ. ही गाठ ह्यांची. आमच्या घरात कपड्यांच्या दोरीपासून पडद्यापर्यंत सगळीकडे तीच आहे. पण गाठीचं काय, शेडमधले दहा जण तशी मारत असतील. मी तेव्हाही हाच विचार केला. कुणीतरी, अगदी उखर्डूनंही, दया येऊन लावली असतील रोपं.

मग अक्का सांगू लागल्या. दुपारी जेवणवेळ टळली होती. हे एकटेच खड्ड्याशी वाकलेले दिसले. अनवाणी. अक्कांची सून बाजारातून आली होती, तिनं लांबून बघून डोक्यावर पदर घेतला. अक्का पाणी घेऊन गेल्या, घेतलं नाही. चहा विचारला, नको म्हणाले.

"आनि शर्ट पुढून उभा कापेल व्हता," अक्का म्हणाल्या. "मी म्हनं, भाऊ, काढी द्या, टाका मारी देस. त्या म्हने, ऱ्हाऊ द्या अक्का, आते काही उपयोग नही."

मी बांधावर बसले. तो शर्ट हॉस्पिटलनं पिशवीत घालून मला दिला होता आणि मी घरी येऊन कपाटात तळाशी ठेवला होता. मुलीलासुद्धा दाखवला नव्हता.

"अजून काही म्हणाले?" मी विचारलं.

"जाताना म्हने, तिले सांगा, येवाले काही येळ लागना नही."

यायला काही वेळ लागला नाही. एवढाच निरोप. अक्कांना त्याचा अर्थ कळला नव्हता. त्यांना वाटलं, गाडी वेळेवर मिळाली असेल. मी त्यांना खरं काय ते सांगितलं तेव्हा त्या अगदी हळू म्हणाल्या, "मंग मी कोनाले दखं?"

परतताना उखर्डूनं होडी मध्येच थांबवली आणि स्वतःहून बोलला. त्या दिवशी तिसऱ्या फेरीला त्यालाही भाऊ शेतात उभे दिसले. हे आले कुठून, याचं त्याला नवल वाटलं, कारण... "मी त्यासले होडीवर बसाडं नही, ताई. देवनी आन." मासेमारीच्या दोन डोंग्या असतात, त्यांना विचारलं, कुणीच आणलं नव्हतं. संध्याकाळी परत न्यायचं म्हणून तो अंधार पडेपर्यंत थांबला, शेताला फेरा मारून आला. तिथं कुणी नव्हतं.

मी जमीन विकली नाही. का, हे नीट सांगता येत नाही. धुळ्याच्या माणसाला फोन करून नाही म्हणाले, एवढंच. मुलगी म्हणते, "आई, खेड्यातली माणसं भावनेच्या भरात बोलतात, वार इकडचा तिकडे होतो." असेल. शर्टाचं तिला सांगितलं तर म्हणाली, "तूच कुणाजवळ बोलली असशील." मी बोलले नव्हते. पण त्या दिवसांत मी काय बोलले आणि काय नाही, याची शपथ मी तरी कशी घेऊ?

आता मी महिन्यातले आठ-दहा दिवस बेटावर असते. बीपीचं मशीन, थोडी औषधं ठेवते. बेटाबद्दल मनात गोड काही नाही. गेल्या पौषात सकाळी नऊला सुगनअक्कांच्या छातीत दुखायला लागलं. मी शेजारीच होते. गोळी जिभेखाली ठेवली, सून हाका मारायला पाण्याकडे पळाली. होडी पलीकडे होती. ती यायला पंचवीस मिनिटं, आम्ही निघायला दहा. अर्ध्या पाण्यात अक्कांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला. मी तिथंच छाती दाबत राहिले, होडी हेलकावत होती, उखर्डू रडत वल्हवत होता. जमीन स्वस्त का मिळते, हे मी कागदावर नाही, तिथं शिकले. कुणी विचारलं तर मी आजही सांगेन, घेऊ नका.

अक्कांच्या दहाव्याला मी काठावर बसले होते. उखर्डू शेजारी येऊन बसला. म्हणाला, "ताई, एक गोट सांगाले ऱ्हायनी. दीड वरीस व्हयनं, झोप नही माले."

मी म्हणाले, "सांगा."

"त्या दिन मी भाऊले आवाज दिधा व्हता. म्हनं, भाऊ, चला, वापस सोडस. त्यासनी हात हालाया, नही म्हने. बजारनी गर्दी व्हती, मी बी जोर कया नही." तो पाण्याकडे बघत होता. "तवय तर त्या जित्ता व्हतात ना, ताई? दवाखानामा? मी त्यासले धरीसन होडीमा बसाडी आनतू... तं भाऊ वाचतात का?"

मी त्याला सांगितलं की धरून होडीत बसवलं असतं तरी भाऊ वाचले नसते, रक्तस्राव फार मोठा होता. डॉक्टरांनी स्कॅन बघूनच मान हलवली होती. तुमचा काही दोष नाही, उखर्डूभाऊ. नर्स म्हणून आयुष्यभर नातेवाइकांना सांगत आले तेच, त्याच आवाजात सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि होडी सोडायला उठला.

पण मंडळी, त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही.