काळीज कुणाचं मोठं

बेळगावजवळच्या आमच्या पिरनवाडीत गल्लीच्या तोंडाला चहाचा गाडा आहे. रविवारी सकाळी तिथं सगळी रिकामटेकडी मंडळी जमते आणि टीव्हीवर बघितलेल्या परदेशी सामन्यांची चर्चा चोथा होईस्तोवर चघळते. वाद ठरलेला. फुटबॉलवाल्यांत सगळ्यात जिगरबाज कोण? एकजण डोक्याला रक्ताळलेली पट्टी बांधून खेळलेल्या बॅकचं नाव घेतो. दुसरा मोडक्या बोटानं पेनल्टी अडवलेल्या गोलकीपरचं. मी दूध आणायला गेले की मला अडवतात. "बाई, तुमच्या घरात प्रोफेशनल झालाय. तुम्हीच सांगा, खरं काळीज कुणाचं?"

मी शाळेत पोरांना ओरडून ओरडून फटकळ झालेली बाई. मी सांगते, "संघ हरलेला असतोय, शिट्टी वाजायला आलेली असतीय, तरी आपल्या चुकीनं गेलेला बॉल परत आणायला जो उलटा पळतो ना, त्याचं." ते कुणाला पटत नाही. त्यात रक्त नाही ना! आमच्या लोकांना रक्त दिसल्याशिवाय काळीज दिसतच नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं मनात म्हणायचं आणि दूध घेऊन घरी यायचं.

घरातला प्रोफेशनल म्हणजे माझा थोरला भाऊ. अण्णा. गोव्यातल्या एका क्लबात तो वर्षानुवर्षं पगारावर खेळला. स्टॉपर. म्हणजे गोलच्या पुढं उभं राहायचं आणि वरनं येईल तो बॉल डोक्यानं परतवायचा. आता तो आमच्या शेजारच्याच घरात असतो. वहिनी ऑफिसला जाते, माझी शाळा सकाळची, त्यामुळं दुपारी त्याच्याजवळ मी.

जेवण झालं की तो विचारतो, "मॅच किती वाजता हाय गं?"

मी म्हणते, "आज न्हाय मॅच, अण्णा."

"बरं," म्हणतो आणि थोड्या वेळानं तेच विचारतो. मग ऊन उतरायला लागलं की अंगणात जाऊन फाटकाकडं तोंड करून उभा राहतो. गुडघे जरासे वाकवलेले, हात अंगापासून सुटे. कुणीतरी बॉल घेऊन येतंय. ते कोण आहे ते त्याला दिसतं, मला दिसत नाही. तो हळूहळू मागं सरकतो, डावीकडं होतो, पुन्हा मधे येतो. डोळे त्या माणसावरनं हलत नाहीत. सुरुवातीला मला रडू यायचं. आता भीती वाटते, कारण हल्ली मीसुद्धा मधेच फाटकाकडं बघते. एकदा तर कडी वाजल्यासारखी वाटली म्हणून उठून बघून आले. कुणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसल्यानं असं होऊ शकतं. छातीठोकपणे ते काही बोलले नाहीत. पण मला काही छातीठोक नको होतं. मी तो मार बघितला होता.

आमची आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम केलेली बाई. अण्णा सुट्टीवर आला की बेळगावच्या मैदानावर गल्लीच्या संघाकडनं खेळायचा, आणि आई झाडून प्रत्येक सामन्याला यायची. पदराच्या गाठीत कांदा. आमच्याकडं कुणी भोवळ येऊन पडलं की कांदा फोडून नाकाला लावतात. वखारीत जरद्याच्या खकाण्यानं, त्या उग्र धुळीनं, बायका पडायच्या तेव्हा आईनं हेच केलेलं. माणूस उठून बसलं की झालं, बरं झालं. पुढं काही बघायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

एका सामन्यात अण्णाचं आणि समोरच्या फॉरवर्डचं डोकं हवेत एकमेकांवर आदळलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. नारळ फोडल्यावर येतो तसा. अण्णा पडला तो हललाच नाही. आई दोरी ओलांडून धावली, मुठीनं कांदा फोडला, नाकाला धरला. त्यानं डोळे उघडले. कुणीतरी आपला गमछा फाडून डोक्याला बांधला आणि अण्णा परत आत गेला. सगळं मैदान उभं राहिलं. त्यानंतर त्यानं आणखी किती बॉल त्याच डोक्यानं काढले ते देवाला माहीत. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीत आणलं. "वाघाचं काळीज हाय, वाघाचं," असं म्हणत होते. आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

संध्याकाळी भाकरी खाता खाता अण्णानं विचारलं, "आई, मॅच किती वाजता हाय?"

आम्ही पोट धरधरून हसलो. त्यानं पुन्हा विचारलं. आम्ही पुन्हा हसलो. थट्टा करतोय असंच सगळ्यांना वाटलं. पुढं कितीतरी वर्षं घरात कुणी विसरभोळेपणा केला की आम्ही म्हणायचो, "मॅच किती वाजता हाय?" ती आमच्या घरची म्हणच झाली. आई गेली तीही ही थट्टा सांगत सांगतच. तिला कळलं नाही ते बरं झालं.

अण्णाची एकुलती एक लेक आज बेंगळुरूच्या एका क्लबात खेळते. बापाच्याच जागेवर. हिला मी लहानपणी बॅडमिंटनची रॅकेट आणून दिली होती. तिनं ती अंगणात गोलचा खांब म्हणून रोवली. मध्यंतरी सरावात तिच्या कानशिलावर कुणाचा तरी कोपर बसला. तिकडच्या डॉक्टरांनी काही आठवडे घरी बसवलं आणि सांगितलं, परत असं काही झालं तर लगेच खेळ थांबवायचा आणि बाहेर यायचं. हे तिनं वहिनीला सांगितलं नाही, मला सांगितलं.

मी म्हणलं, "पोरी, परत लागलं तर भाईर येशील न्हवं? शब्द दे."

"बघूया, आत्ती," म्हणाली.

त्या 'बघूया'नं माझी झोप उडाली. ज्या घरात मैदानातनं बाहेर येणं म्हणजे भिणं, त्याच घरात ती वाढलेली. मला एकच दिसायचं. तेच अंगण, तेच फाटक, आणि त्याच्याकडं तोंड करून उभी असलेली ती.

यंदा तिच्या क्लबचा सामना बेळगावात लागला, त्याच मैदानावर. गल्लीनं बापलेकीच्या फोटोचा फ्लेक्स लावला, कन्नड वर, मराठी खाली: वाघाची वाघीण. चहाच्या गाड्यावरची झाडून सगळी मंडळी आली. आम्ही अण्णाला पुढच्या बाकावर, दोरीला लागून बसवलं. एका बाजूला वहिनी, एका बाजूला मी. मैदान बघितल्यावर तो एकदम शांत झाला. घरी कधी एवढा शांत बसत नाही. मला वाटलं, बरं केलं आणलं ते.

उत्तरार्धात कॉर्नर आला. बॉल उंच आला, दोघीजणी उडाल्या, आणि मला तो आवाज ऐकू आला. खरंच आला की माझ्या कानातला जुनाच वाजला, सांगता येत नाही. पोरगी खाली पडली. वहिनीनं माझा दंड असा धरला की नखं रुतली.

ती उठून बसली. मग उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागनं आरोळ्या आल्या, "बापाचं काळीज हाय! खेळ गं!" त्यांच्या संघाची डॉक्टर पळत आत गेली, तिला काहीतरी विचारलं. पोरगी नुसतं "बरी आहे" म्हणाली असती तरी भागलं असतं. सगळं गाव तेवढंच ऐकायला बसलं होतं. पोरीनं त्या उभ्या राहिलेल्या लोकांकडं एकदा बघितलं. मग मान हलवली, नाही म्हणून, आणि चालत बाहेर आली.

टाळ्या तुटक तुटक होऊन थांबल्या. कुणीतरी शीळ घातली. माझ्या मागचा म्हणाला, "एवढ्यात? बापाचं नाव घालवलं की." मी उलटून त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढचं गिळून बसला. मला त्या पोरीचे पाय धरावेसे वाटत होते. इतकं मोठं काळीज मी त्या मैदानावर आजवर बघितलं नव्हतं, अण्णाचं धरून.

तिला तपासलं, डोक्याला बर्फाचा टॉवेल लावला, आणि मग ती डॉक्टरला सांगून आमच्या बाकावर बापाच्या शेजारी येऊन बसली. वहिनीनं जागा करून दिली. अण्णानं तिला वरपासून खालपर्यंत निरखलं. त्याला ती कोण ते कळलं नव्हतं. एक खेळाडू बाहेर येऊन बसलीय, एवढंच त्याला कळत होतं.

"एवढ्यानं भाईर येत्यात व्हय?" तो म्हणाला. आवाजात राग होता, तिरस्कारच म्हणा. "काळीज लागतंय पोरी ह्याला. तुझ्यात न्हाय ते. मी कधी न्हाय आलो भाईर."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. मी काही बोलणार तोवर पोरीनंच त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"व्हय आप्पा," ती म्हणाली. "तुम्ही अजून भाईर आलाच न्हाईसा."

"व्हय की," अण्णा म्हणाला, खूश झाला, आणि मैदानाकडं बघत बसला.