पुनवेला बाराची ओहोटी

जगातल्या एकूण एक घड्याळांशी वैर असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि माझ्या पत्रिकेतला योग असा की तो माझा मामेसासरा निघाला. बायकोचे हे मामा मिठबावजवळच्या खाडीवर चाळीस वर्षं तर, म्हणजे पैलतीरी नेणारी होडी, चालवायचे. माणसं, सायकली, शेळ्या, एकदा अख्खं वऱ्हाड, सगळं त्यांनी होडीतून या काठावरून त्या काठावर सोडलं. पुढे खाडीवर पूल झाला आणि तर बंद पडली, पण मामांच्या अंगातली भरती-ओहोटी काही उतरली नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव गणित. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. गॅसवाल्याला ते फोनवर सांगतात, "अर्धी ओहोटी झाली काय ये," आणि तो बिचारा दिवसभर समुद्राकडे बघत बसतो. आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना हे पुढे झाले आणि म्हणाले, "भटजीनू, पाणी उतरता हा, बेगीन आटपा." भटजींनी घाबरून शेवटची दोन मंगलाष्टकं गाळली. संसारात काही कमी पडलं की बायको अजूनही त्या दोन मंगलाष्टकांकडे बोट दाखवते. पुलावर मात्र मामांनी आजवर पाय ठेवलेला नाही. पलीकडे जायचं असेल तेव्हा कुणाची तरी होडी मागून जातात, नाही मिळाली की जात नाहीत.

मी इन्सुलीचा. काजू आणि भात यांत वाढलेला माणूस, शिक्षकाच्या नोकरीनं समुद्राकाठी आलो आणि इथलाच जावई झालो. समुद्र मला बघायला आवडतो, त्यापलीकडे आमची ओळख नाही. तरी मी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली, 'ओहोटीचं दार'. तीन मुली माघी पौर्णिमेला भर दुपारी बारा वाजता, पाणी मागे हटल्यावर, किनाऱ्यासमोरच्या कासवखडकातल्या गुहेत शिरतात आणि तीनशे वर्षं मागे, गलबतांच्या काळात निघतात, अशी गोष्ट. गावात ती अशी काही चालली की मी दोन महिने चालताना मान जरा वर ठेवत होतो. शाळेतली प्रत हातोहात फिरून फाटली, मुलींनी तिला चिकटपट्ट्या लावल्या. गेलेल्या काळात काय न्यायचं यावर आठवीच्या वर्गात दोन तट पडले. मला विचाराल तर या वेडाचं कारण साधं आहे. तेरा वर्षांच्या मुलीला तालुक्याच्या गावी जायचं तरी चार जणांची परवानगी लागते, तीनशे वर्षं मागे जायला कुणाला विचारावं लागत नाही. आमची लेक जुई त्या फाटक्या प्रतीची पुजारीण होती. तिला पानंच्या पानं पाठ होती.

मामांनी कादंबरी सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत वाचली आणि मिटून माझ्या पुढ्यात ठेवली. "जावयबापू, पुनवेक बारा वाजता ओहोटी खंयच्या गावात येता?" मी म्हटलं, मामा, गोष्ट आहे ती, इथे काळच उलटा फिरतो, तिथे भरतीचं काय घेऊन बसलात. मामा म्हणाले, "काळ हवो तसो फिरव. दर्यो कित्याक फिरवतंस?" पुढे त्यांनी एक अक्षर वाचलं नाही. त्यांच्या मते कादंबरी त्या पानावर बुडाली होती. मी बायकोकडे त्यांची चेष्टा केली. पौर्णिमा मी घातली होती ती वाक्यात छान वाजते म्हणून, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

माघातली पुनव रविवारी आली. जुई सकाळी साडेसहालाच मैत्रिणीकडे प्रकल्प करायचा म्हणून गेली होती. पावणेदहाला मामा अनवाणी, धापा टाकत दारात उभे राहिले.

"चेडू खंय आसा?"

"जुई? मैत्रिणीकडे. का?"

"किनाऱ्यावर तीन जोडी चपला आसत. तोंडा दर्याकडे."

कादंबरीतल्या मुली निघताना चपला वाळूत काढून ठेवतात, कारण तीनशे वर्षांपूर्वी रबराच्या चपला कुणी घालत नव्हतं. हा विनोद मला स्वतःला फार आवडला होता. मामा खालच्या आवाजात, एकेक शब्द तोलून बोलले. पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी होती. पोरी सातच्या सुमारास घोटाभर पाण्यातून खडकावर गेल्या असणार. आता पाणी चढतंय आणि त्या परत फिरणार नाहीत, कारण बाराला पाणी जाईल असं पुस्तकात लिहिलंय. पुनवेच्या भरतीला कासवखडक बुडतो. वर फक्त फेस दिसतो.

शेजाऱ्यांची होडी आम्ही न विचारताच ढकलली. एक वल्हं मामांच्या हातात, एक माझ्या. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस पाण्यात वल्हं घालत होता तेव्हा आवाजही होत नव्हता, आणि मी नुसताच पाणी उडवत होतो. मामा अधूनमधून विचारायचे, "घड्याळात किती वाजले?" ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला वेळ विचारली नाही, त्यानं त्या सकाळी मला ती तीन वेळा विचारली. सव्वादहा. दहा वीस. साडेदहा. दर उत्तराबरोबर माझी भीती वाढत गेली. मला रडू येत होतं आणि ते लपवायलाही हात मोकळा नव्हता. कादंबरीतली ती ओळ माझ्या डोक्यात पुन्हा पुन्हा वाजत होती, 'आणि समुद्राने आपले पाणी मागे घेतले.' काय सुंदर वाक्य लिहिलं होतं मी. मेल्या, असं मी स्वतःला म्हणालो.

खडकाच्या माथ्यावर तिघी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. दोघी रडत होत्या. जुई रडत नव्हती, दप्तर डोक्यावर धरून ती घड्याळाकडे बघत होती.

"पप्पा, पावणेअकराच झालेत," ती म्हणाली. "बारा वाजता पाणी जाणार आहे ना?"

ते मीच लिहिलं होतं. मामांनी होडी खडकापासून हातभर अंतरावर धरली आणि अंगणात उभं राहून बोलावं तशा आवाजात म्हणाले, "जातला गो बाय, पण आज नाय. छापणाऱ्यान तिथी चुकवल्यान. ती पुनव न्हय, अष्टमी होती. होय मां, जावयबापू?"

"हो," मी म्हटलं. इतक्या तत्परतेनं मी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो.

"मगे ऐका. मोठी लाट जावंदे. बारकी इली काय मी सांगतंय, तेव्हा एकेकटीन पाय टाकूचो." रडणाऱ्या दोघी आधी आल्या, जुई शेवटी. दप्तर तिनं आधी माझ्याकडे दिलं, मग हात. आम्ही वाळूला लागलो तेव्हा मागे वळून पाहिलं. खडक नव्हता.

घरी व्हायचं ते सगळं झालं, ते इथे सांगत नाही. मी शाळेतून ती प्रत परत आणायला निघालो होतो, जाळून टाकणार होतो. मामांनी दारात अडवलं. "पुस्तक चांगला आसा. पोटरीभर पाणी चढला तरी पोरां त्याच्यावर इसवास ठेवन उभी होती. चाळीस वर्सांत माझ्या तरीवर इतको इसवास कोणी ठेवलो नाय. तू फक्त तिथी बदल."

दिलेला शब्द म्हणून अष्टमीला दुपारी बारा वाजता मामांनी तिघींना होडीतून नेलं. मीही गेलो. अष्टमीची ओहोटी लंगडी, गुडघाभर पाणी राहिलंच होतं. गुहा म्हणजे कपाटाएवढी फट, आत चार खेकडे. मुली डोळे मिटून उभ्या राहिल्या, काहीच झालं नाही, आणि त्या हिरमुसल्या. मग जुईनं विचारलं, "आजो, दार उघडला असता तर तू खंयच्या दिवसाक गेलो असतंस?"

मामांनी वेळच घेतला नाही. "पूल सुरू झालो त्याच्या आदल्या दिसाक." मग म्हणाले, "पुलाच्या दिसाक मी सकाळच्या भरतीक तर लावलंय. शेवटची फेरी म्हणान पैसे घेऊचो नव्हतंय. पण सगळो गाव पुलावरसून चलत गेलो. सांजपर्यंत होडयेत कोण बसूक नाय. आदल्या दिसाक सगळ्यांका सांगूक व्हया होता, उद्या मी थांबतंय म्हणान."

मी फटीच्या तोंडाशी उभा होतो. त्या दिवशी पुलावरून चालत गेलेल्यांत मीही होतो, दोन वर्षांची जुई खांद्यावर, बायको शेजारी. खाली काठावर मामा दिसले. आम्ही हात हलवला, त्यांनीही हलवला. अकरा वर्षं मी समजत होतो की ते निरोप देत होते. ते आम्हाला बोलावत होते.

दुसऱ्या आवृत्तीत मी तिथी बदलली आणि शेवटी एक प्रकरण वाढवलं. परत येताना मुलींचा काळ थोडा चुकतो, त्या पूल सुरू होण्याच्या सकाळी खाडीवर निघतात, आणि काठाला एक रिकामी तर लागलेली असते. नवी प्रत मी स्वतः मामांकडे नेली. त्यांनी थेट ते प्रकरण काढलं, तिथी बघितली, बोटं मोजली. "नवमी. पावणेसात. बरोबर आसा." मग ते वाचत राहिले, पान उलटायची वेळ होऊन गेली तरी त्याच पानावर.

बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ह्या तीन पोरांच्या मागसून आणखी कोण येतला काय? पाणी आसा अजून. थांबतंय मी."

मी म्हटलं, "थांबा मामा. आम्ही दोघं येतोय, लहान मुलगी आहे सोबत."