एस्तेरआत्याचा डबा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोहमाऱ्याला ढाब्यावर जेवत होतो. आमगावहून धाकट्या भावाचा फोन. "एस्तेरआत्या गेली रे... झोपेतच," एवढंच बोलला. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यंदा कापणीच्या सणाला अनारसे कोण करणार? आत्याला तो विचार आवडला असता.

आमच्या मेथडिस्ट मंडळीत भात घरात आलं की हा सण होतो. जो तो शेतातलं, घरातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आत्या नव्या तांदळाचे अनारसे पत्र्याच्या डब्यात भरून आणायची. तिनं लग्न केलं नव्हतं. वर्षभर तिचा सगळा जीव त्या डब्यात. तिच्या वेलीवरचे भोपळे हातोहात जायचे, तांदळालाही बोली लागायची. डबा वर धरला की मात्र पुढच्या बाकांवर सगळ्यांना एकदम खोकला यायचा. शेवटी पाळकसाहेब स्वतःच घ्यायचे. आमच्याकडचं कच्चं चालतं, आमच्या हातचं शिजलेलं चालत नाही... आणि ख्रिस्तात सगळे एक, हे त्याच बाकांवरून सर्वांत मोठ्यानं गायलं जातं.

ते बाक जॉर्जसाहेबांच्या घराण्याचे. पणजोबा रेल्वेचा गोरा ड्रायव्हर होता, हे ते नव्या पाळकाला पहिल्याच भेटीत सांगतात. पणजीचं मात्र नाव काढत नाहीत. कारण ती आमच्या पणजीची सख्खी बहीण, गावाबाहेरच्या आमच्याच वस्तीतली. दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, एकाच पितळी भांड्यातल्या पाण्यानं झाला. पुढे एकीनं गोरा ड्रायव्हर केला, दुसरीनं शेतमजूर. सगळ्या मंडळीला हे ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

एकदा मी चिडून आत्याला विचारलं, "कायले नेतेस त्यांच्यापुढं?"

"आपलेच लोक हायेत रे. एक ना एक दिवस खातीन."

तिच्या त्या भोळेपणाचा मला राग यायचा. अजून येतो.

यंदा सणाआधी पाळकसाहेब म्हणाले, "बाईंची आठवण म्हणून काहीतरी आणा." अनारसे आमच्या घरात दुसऱ्या कोणाला जमत नाहीत. मी रिकामा डबाच नेला, घासूनपुसून. लिलावात तो वर धरला आणि पहिल्याच बाकावरून जॉर्जसाहेबांची बोली आली. मग त्यांच्या वहिनींची. मग पुन्हा जॉर्जसाहेबांची, डोळे पुसत. "एस्तेर तो हमारे घर की थी," असंही म्हणाले.

मी उठलो आणि लिलाव करणाऱ्याच्या हातातून डबा काढून घेतला.

"अरे, देवाला दिलेली वस्तू आहे ती," पाळकसाहेब कुजबुजले.

"भरलेला होता तेव्हा कोणी घेतला नाही, साहेब. आता रिकामा हाये म्हणून घेऊन राहिले."

जॉर्जसाहेबांनी गीतांचं पुस्तक उघडलं.

डबा आता माझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. कितीही घासला तरी झाकण काढलं की गुळाचा आणि खसखशीचा वास येतो. त्या अनारशांची चव पुढच्या बाकावरच्या एकानंही कधी घेतली नाही... आत्या वाट बघतच गेली.