बारा कोण म्हणालं?

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की भजी आणायच्या निमित्ताने किचनमध्ये सटकणारा मी माणूस. भीती म्हणून नाही, कंटाळा म्हणून. मला घाबरवणाऱ्या गोष्टी दोनच — बायकोने पूर्ण नावाने मारलेली हाक आणि माझा शुगर रिपोर्ट. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय… पण लिहितो.

गेल्या फॉलमध्ये आमच्या कॉम्प्युटर-चिपवाल्या मंडळींची कॉन्फरन्स फिलाडेल्फियाला होती. मी चँडलरहून गेलो होतो. रोज सकाळी साडेसहाला हॉटेलमधून ग्रुप वॉक — विटांच्या जुन्या गल्ल्या, चर्चेस, आणि नाश्त्याआधी परत. बायकोने फोनवर बजावलं, "जायचंच! आणि नंतर बेगल नको."

आम्ही बारा जण. पुढे आमची लीडर लिंडा, शेवटी मी, कारण माझा स्पीडच तेवढा. म्हणून मोजायचं काम माझ्याकडे. गावी आमचं धान्याचं दुकान होतं. माप घालताना वडील 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. तीच सवय मला. छातीवर हात ठेवून स्वतःला 'लाभ', मग दोन, तीन… मोठ्याने.

ग्रुपमध्ये दुसरे मराठी म्हणजे फक्त वैद्यकाका — बॉथेलचे, मूळ नागपूरचे, सत्तरीला टेकलेले, डायबेटिसमध्ये मला सीनियर. ते हसायचे, "काय बे, ज्वारीची पोती मोजून राहिला काय?" दोन दिवसांत लिंडालाही कळलं — मी 'बारा' म्हटलं की निघायचं.

तिसऱ्या दिवशी एका चर्चमागच्या दफनभूमीत थांबलो. पातळ, झिजलेले दगड, नावं पुसलेली. निघताना मी गेटकडे पाठ करून रस्त्यावर उभा राहिलो आणि मोजायला लागलो. लाभ, दोन… अकरा. पुढे कोणी दिसेना. तेवढ्यात मागून, अगदी खांद्याशी, शांत आवाज आला —

"बारा."

वाटलं, काका मागे आहेत. लिंडाने अंगठा दाखवला. निघालो. मी मागे न बघताच बोलत होतो — मुलीचं कॉलेज, माझा गुडघा… दोन ब्लॉक. पलीकडून हूं नाही की चूं नाही. पावलं मात्र येत होती. "काका, दमलात का?" म्हणून वळलो.

फूटपाथ रिकामा.

मी धावलो. (माझ्या घरच्यांच्या मते या गोष्टीतला अमानवीय भाग तो एवढाच.) काका दफनभूमीतल्या बाकावर होते, घामाने चिंब, नजर कुठेतरीच. शुगर पार उतरली होती. बायकोपासून लपवलेल्या लिमलेटच्या गोळ्या खिशात होत्या, त्यातली एक तोंडात घातली. लिंडाने अँब्युलन्स बोलावली. त्यातला माणूस म्हणाला, "अजून थोडा उशीर झाला असता तर…"

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये विचारलं, "काका, बारा तुम्हीच म्हणालात ना?"

"मी? अबे, तुझं 'लाभ' ऐकू येत होतं मला. हाक मारायची होती तुला… तोंडच उघडेना."

लिंडानेही तो 'बारा' ऐकला होता. पण कोण म्हणालं ते तिने पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं. बायको म्हणते, "तूच म्हणाला असशील. वीस वर्षं स्वतःशीच तर बडबडतोस." असेलही. मग ती पावलं?

आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाही. तो आवाज आला नसता, तर मी अकरावरच अडलो असतो. तिथल्या तिथे वळलो असतो. मग त्याला फक्त आमच्यात मोजून घ्यायचं होतं, की काकांना मागे ठेवायचं होतं?

हल्ली घरातून निघताना मी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजतो. मुलगी वैतागते, "बाबा, वी आर जस्ट फोर!"

माहीत आहे. म्हणून तर 'चार' मी घाईघाईने म्हणून टाकतो… दुसरं कोणी म्हणायच्या आत.