भागीबाईच्या पुरचुंड्या

पेठच्या पुढं घाट उतरला की एसटी एका फाट्यावर थांबते, आणि तिथून बोरपाडा पायी अर्ध्या तासावर. पाड्यात पस्तीस-चाळीस घरं, एक हातपंप आणि पत्र्याची एक अंगणवाडी. त्या अंगणवाडीत भागीबाई मदतनीस. पोरांना घरोघर जाऊन गोळा करायचं, खोली झाडायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, हे तिचं काम. हे सगळं ती एकवीस वर्षं करत आली. पण पाड्यातली मोठी झालेली पोरं तिचं नाव काढतात ते खिचडीसाठी नाही, पुरचुंड्यांसाठी.

जुन्या लुगड्याचे चौकोनी तुकडे. एकात खाचरात भाजलेल्या राबाची राख, एकात खुरासणीचं काळं बी, एकात आंब्याचा मोहर, एकात खाचरातलं ढेकूळ. रानात जे असेल ते. पोरांनी डोळे मिटायचे, पुरचुंडी आधी हातात दाबायची, मग नाकाशी धरायची आणि सांगायचं. ज्योत्स्नाताई, म्हणजे अंगणवाडीची सेविका, रजिस्टरं आणि मोबाईलमधली माहिती भरत बसायची, तेव्हा तीस पोरं गप बसवायची कशी, यातून हा खेळ निघाला. मागं एकदा वरून प्लास्टिकची फळं आली. तीन वर्षांच्या सनीनं त्यातला आंबा हुंगला, चाटला आणि दारातनं बाहेर भिरकावला.

"मेलाय तो," सनी म्हणाला.

ज्योत्स्नाताई हसून हसून लाल झाली. भागीबाई मात्र गंभीरपणे म्हणाली, "बरोबर सांगतोय पोरगा. त्याला वास कुठं हाय?"

नाक म्हणावं तर भागीबाईचंच. पाऊस पडून रान हिरवं झालं, तरी कवळीचा सण होईपर्यंत पाड्यात कुणी नवी भाजी तोंडात घालत नाही. देवराम भगत आधी ती देवापुढं ठेवतो, मग घराघरांत शिजते. ती पहिली पाटी खुडून आणायचं काम भागीबाईचं. आधी तिच्या सासूचं होतं. रानात एक पान असं आहे की कोवळेपणी ते भाजीच्या पानाशी जुळ्या बहिणीसारखं दिसतं आणि खाल्लं तर पोटात आग पडते. डोळ्यांनी बघून भलेभले फसतात. चुरडून नाकाशी धरलं की कळतं. भागीबाईनं पाटी आणली म्हणजे कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही.

ते नाक कोरोनात गेलं. दुसऱ्या लाटेत पाड्यात घरोघर ताप होता, पण कोरोना म्हणायला कुणी तयार नव्हतं. भागीबाई आठ दिवस गोधडीत पडून राहिली आणि उठली. पुढं अंगणवाडी सुरू झाल्यावर एका दुपारी पोरं खिचडीचं ताट पुढं सारून बसली.

"आजी, करपलीय," सनी म्हणाला.

भागीबाईनं पातेलं खरवडलं तर बूड काळं ठिक्कर पडलेलं. ती तासभर त्याच चुलीपुढं बसली होती. घरी जाऊन तिनं शेणाच्या पाटीत तोंड घातलं. मग लसूण ठेचून हाताला चोळला. काहीच नाही. सगळं कसं पाण्यासारखं. येईल आज, येईल उद्या, असं करत वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. वास न येणारी बाई पोरांचं रांधणार, हे कोण चालवून घेईल? आणि कवळीची पाटी?

पहिल्या कवळीला तिनं पाय मुरगळल्याचं सोंग घेतलं. दुसऱ्या वर्षी तापाचं. देवराम भगत टोमणा मारून गेला, "भागे, भाजी आली की तुझं दुखणं येतं. पुढच्या साली काय, बाळंतीण होशील का?"

तिसऱ्या वर्षी तिनं नातीला रानात नेलं. चैताली तेव्हा चार वर्षांची. भागीबाईचा मुलगा लखन, त्याची ही थोरली. जन्मापासून आजीच्या पुरचुंड्यांवरच वाढलेली. भागीबाई पान चुरडायची आणि तिच्या नाकाशी धरायची.

"सांग बरं, कसला?"

"ओल्या भिताडासारखा."

"आन ह्याचा?"

"ई! बकऱ्याच्या मुतासारखा. टाक ते, आजी."

भागीबाईनं टाकलं. तरी खुडलेल्या भाजीतली चार पानं तिनं आधी स्वतः चावून खाल्ली, पोरीला मांडीवर घेऊन दुपारपर्यंत झाडाखाली बसून राहिली, आणि पोटात काही होत नाही म्हटल्यावर उठली. पाटी देवापुढं गेली. देवराम म्हणाला, "आली बाबा भागी जाग्यावर."

तेव्हापासून चैताली तिचं नाक. दूध नासलं का, तेल खवट झालंय का, डाळीला बुरशीचा वास येतोय का, सगळं "सांग बरं" करून. पोरीला वाटायचं आजी परीक्षा घेते. ती ऐटीत उत्तरं द्यायची, आणि एरवी कुणाला सुचणार नाहीत अशी द्यायची. नव्या वहीचा वास तिला भाकरीच्या पिठासारखा यायचा. ज्योत्स्नाताईच्या साडीचा, बंद पेटीसारखा. "ही पोरगी शाळेत सगळ्यांच्या पुढं जाईल बघा," ज्योत्स्नाताई म्हणायची. "बाकीच्यांना दहा शब्द येतात, हिला शंभर येतात." भागीबाईला त्या शंभर शब्दांतून रान परत मिळत होतं. पोरगी सांगायची आणि म्हातारीला खरोखर ओल्या भिंतीचा वास आठवायचा.

गेल्या दिवाळीनंतर लखन आणि सून सविता दिंडोरीकडं द्राक्षबागेच्या कामाला निघाले. दरवर्षी जातात. भात झोडून झालं की पाड्यातली निम्मी घरं कुलपात. पण या खेपेला सविताच्या काखेत सात महिन्यांचं पोर होतं.

"चैतूला नेतो, आये," लखन म्हणाला.

"तिला कशाला? अंगणवाडी हाय, मी हाय."

"सवी बागेत असली म्हंजी बाळापाशी कोण बसंल?"

"पाच वर्षांची पोर बसंल का?"

"मंग काय त्याला द्राक्षाच्या तारेला टांगू?"

भागीबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. बाबा, माझं नाक गेलंय, ही पोर नसली तर मी आंधळी. पण समोर सून उभी होती, दारात जीपवाला हॉर्न मारत होता. ती एवढंच म्हणाली, "फवारणी चालू असली की तिला लांब बसव." चैताली जीपच्या मागच्या फळीवर बाळाला मांडीत घेऊन बसली आणि हात हलवत गेली.

ते चार महिने भागीबाईनं भीतभीत काढले. खिचडीपुढून हलायची नाही. डाळ उन्हात धरून दाणा न् दाणा बघायची. पुरचुंड्यांचा खेळ बंदच होता, आणि घरातल्या पुरचुंड्या उंदरांनी कुरतडून टाकल्या होत्या.

होळीला मंडळी परत आली. चैताली बारीक झाली होती, आणि गप. बाळ रडलं की खेळ टाकून उठायची. भागीबाईनं ठरवलं, पोरीसाठी नव्या पुरचुंड्या करायच्या. सविताचा एक स्कार्फ दोरीवर वाळत होता. बागेत तोंडाला बांधायची तो. धुऊन स्वच्छ, रंग विटलेला, हाताला मऊ.

"हा फाडू का ग?"

"फाडा की. काय कामाचा तो आता," सविता चुलीपुढून म्हणाली.

भागीबाईनं सहा तुकडे केले. मोहाची फुलं, राबाची राख, लिंबाचा मोहर, खुरासणी, खाचरातलं ढेकूळ, वेखंड. चार महिन्यांनी तिचे हात असे भरभर चालले होते. दुपारी तिनं पोरीला ओट्यावर बसवलं. चैतालीनं शहाण्यासारखे डोळे मिटले.

"सांग बरं, कसला?"

"औषधाचा."

"कसलं औषध? नीट हुंग."

पोरीनं परत नाक लावलं. "औषधाचा. बागेतल्या."

दुसरी पुरचुंडी. "औषधाचा." तिसरी मोहाची होती, जी आंधळासुद्धा ओळखेल. "औषधाचा, आजी."

भागीबाईला वाटलं, आपलं गेलं ते गेलं, हिचंही गेलं. ती अंगणात लाकडं फोडणाऱ्या लखनवर धावून गेली. "पोरीचं नाक जाळून आणलंस! लांब बसव म्हटलं होतं ना मी? कुठं बसवली होती तिला?"

"अग, बांधावरच होती ती. झालं काय?"

भागीबाई परत ओट्यावर आली आणि राहिलेल्या तीन पुरचुंड्या तिनं एकामागून एक पोरीच्या नाकाला भिडवल्या. "हा सांग! हा सांग! खोटं नको बोलू, डोकं लावून सांग!" आवाज तिचा होता, पण असा चैतालीनं कधी ऐकला नव्हता. पाचव्या पुरचुंडीपर्यंत ती "औषधाचा"च म्हणत राहिली, हळू हळू, अजून हळू. सहाव्या पुरचुंडीला डोळे उघडून नुसती आजीच्या तोंडाकडं बघत बसली.

दुसऱ्या दिवशी भागीबाई त्याच पुरचुंड्या घेऊन अंगणवाडीत गेली. दुसऱ्या पोरांवर करून बघावं, म्हणजे खात्री पटेल. पिशवी कोपऱ्यात ठेवली तोच ज्योत्स्नाताईनं रजिस्टरातून मान वर केली.

"भागीआजी, फवारणीच्या औषधाचा वास कुठून येतोय?" तिनं उठून पिशवी उघडली आणि पदर नाकाला लावला. "अहो, ह्या फडक्यांनाच येतोय! डोकं उठलं माझं. तुम्हाला येत नाय?"

भागीबाई पिशवीपाशी खाली बसली. पोरं आजूबाजूला गोंधळ घालत होती. "नाय येत," ती म्हणाली. "चार वर्षं होतील."

ज्योत्स्नाताईनं पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली. मग म्हणाली, "खिचडी शिजताना मी येऊन बसत जाईन. वर कुणाला काय सांगायची गरज नाय." भागीबाईनं ज्या गोष्टीची एवढी वर्षं धास्ती घेतली होती ती अशी दोन वाक्यांत मिटली. पण तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

पोरीचं नाक शाबूत होतं. तिनं पाचच्या पाच वेळा खरं सांगितलं होतं.

घरी आल्या आल्या भागीबाईनं मोहाची फुलं वडाच्या ताज्या पानात बांधली आणि चैतालीला हाक मारली. पोरगी आली. डोळे मिटले नाहीत. पुडी हातातसुद्धा घेतली नाही. आजीच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "मोहाचं फूल."

"हुंगलं कुठं तू?"

"मोहाचंच हाय ना?"

"हाय. पण वास कसला येतोय ते सांग."

"चांगला येतोय," चैताली म्हणाली आणि बाळ रडलं म्हणून आत पळाली. बाळ रडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भागीबाई तिला मोहाखाली घेऊन गेली. फुलं टपटप पडत होती. पाटी अर्धी भरल्यावर भागीबाई बुंध्याशी टेकली आणि पोरीला जवळ ओढलं.

"चैतू, मला वास येत नाय बघ. आजारी पडले ना मी, तू लहान होतीस, तवापासून."

"कायबी येत नाय?"

"कायबी नाय."

"मंग तू मला रोज इचारायची, ती?"

"मला कळंना म्हणून."

पोरीनं जरा विचार केला. "परवा पण?"

"परवा पण. फडकं वंगाळ होतं आन मी तुलाच बोलले. तू खरी होतीस."

चैतालीनं पाटीतलं एक फूल उचललं. डोळे मिटले, फूल नाकाशी धरलं, छाती भरून श्वास घेतला. भागीबाई थांबली. ओलं भिताड, बकऱ्याचं मूत, बंद पेटी, भाकरीचं पीठ, ह्या पोरीच्या तोंडून आता काहीही निघालं असतं तरी तिनं ते पदरात बांधून घेतलं असतं.

पोरीनं एक डोळा किलकिला केला आणि आजीच्या तोंडाकडं बघितलं.

"गोड हाय?" तिनं विचारलं.

आजवर ती कधी विचारत नसे, सांगत असे. आता आजी म्हणेल तेच ती म्हणणार होती. हो म्हटलं तरी चूक, नाही म्हटलं तरी चूक. वर झाडावरून फुलं पडतच होती, एक तिच्या मांडीवर पडलं. तिनं ते उचलून स्वतःच्या नाकाशी धरलं, उगाचच, आणि पाटीत टाकलं.