ड्रम बोलतो म्हणे

अकोल्यात बायपासला माझं लायनरचं दुकान आहे. ट्रकच्या ब्रेकशूवर नवं लायनर, म्हणजे घासून झिजणारा पट्टा, बसवून रिवेट ठोकायचे, हे काम बाबांनी शिकवलं. ते गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. बाई रिवेट ठोकते हे बघायला सुरुवातीला लोक थांबायचे. मी त्यांना जॅक ओढायला लावायची, मग आपोआप पांगायचे.

डिस्क ब्रेकवर माझा राग होता, हे कबूल करते. डिस्कला ना लायनर ना रिवेट. जुनं पॅड काढा, नवं घाला, झालं. मग माझं काय काम? म्हणून येईल त्याला मी ड्रम ब्रेकचे गोडवे ऐकवायची: मजबूत आहे, चिखलाला दाद देत नाही, सामान कुठेही मिळतं. यात खोटं काही नव्हतं. पण लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर जातो आणि ब्रेक लागेनासा होतो, डिस्क मात्र उघड्यावर असल्यानं लवकर निवते, एवढं मी सोयीनं गिळून टाकायची.

मोर्शीहून संत्री आणणारे एक ड्रायव्हरकाका बाबांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. एका सकाळी त्यांचा ट्रक आवारात वळला आणि मागच्या चाकातून असा कर्कश आवाज आला की शेजारच्या चहावाल्यानं कानांवर हात ठेवले. काका मात्र तणतणतच उतरले.

"मालक डिस्कवाली गाडी घेऊन राह्यला. म्हणते, तूच चालव. पोरी, तू सांग त्याले. ड्रम बोलते. लायनर संपलं का ओरडून सांगते. डिस्क मुकी असते, माणसाले कयतच नाई!"

एरवी मी आनंदानं मान डोलावली असती. आज मी विचारलं, "काका, हे मांगचं चाक कवापासून ओरडून राह्यलं?"

"कोनतं चाक?"

चाक उघडलं. लायनर पार संपलेलं, उघड्या रिवेटांनी ड्रममध्ये चर पाडलेले. हे काही एका दिवसाचं काम नव्हे. मी काकांच्या पाठीमागे गेले आणि हातोडा लोखंडी पत्र्यावर टाकला. चहावाला दचकला. काका रस्त्याकडे बघत उभे राहिले.

क्षणभर वाटलं, सांगावं, काका, डिस्कवाली गाडी घ्या, तिच्यात पॅड संपत आलं की समोर दिवा लागतो. मालक खूश, काकांची नोकरीही शाबूत. पण मागून कुणी हॉर्न दिला, गाडी रिव्हर्स घेताना कुणी ओरडलं, तर त्याचा दिवा कुठे लागतो?

माझे ओठ दिसतील अशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "काका, तुमाले ऐकू येत नाई."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हयू बोल माय, लोकं ऐकतीन."

"ड्रम बदलून होईपर्यंत गाडी इथंच राहीन. तवर मालकाले सांगा. नाई तं मी सांगन."

"तुया बाप असता तं असं बोलला नसता," ते म्हणाले आणि निघून गेले. खरं होतं ते. बाबा भिडेखातर गप्प बसले असते. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसरं काही केलं नाही, त्याच्या हातातून स्टिअरिंग काढून घेणारी मी कोण, असं सारखं वाटायचं. आणि गप्प बसायचंही धाडस होईना.

पाचव्या दिवशी काका एसटीनं आले. सदरा इस्त्रीचा, हातात दवाखान्याची चिठ्ठी. स्टुलावर बसून म्हणाले, "सांगतलं मालकाले. तो म्हणे, आंधी कान दाखवा. डॉक्टरनं हो म्हटलं तं नवी गाडी तुमचीच. नाई म्हटलं तं..."

दवाखाना आमच्या दुकानापासून दोन चौकांवर होता.

"मंग जा ना काका. नंबर निघून जाईन."

काका उठले नाहीत. चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"तू चाल ना संग," ते म्हणाले. "डॉक्टर काय म्हणते, ते मले ऐकू तं आलं पायजे."