बाबांचे उपास

आईचे उपास आणि त्यांवर बाबांची टिंगल, या दोन्ही गोष्टी आमच्या वाडी भागातल्या जुन्या घरात बरोबरीने चालायच्या. आई संकष्टीची वरी शिजत लावायची आणि रेल्वेच्या कारखान्यातून दमून आलेले बाबा विचारायचे, "काय, आज पोटाला सुट्टी?" स्वतः त्यांनी जन्मात कधी उपास केला नव्हता. आई गेल्यावर मी त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, समा भागातल्या माझ्या घरी आणलं. पहिल्याच संकष्टीला ते म्हणाले, "मला आज पोळी-भाजी नको. तिची चतुर्थी मी धरतो." मला स्वयंपाकघरात जाऊन रडावं लागलं.

पुढे एकादशी आली. मग सोमवार, मग गुरुवार. मी हौसेने करत गेले. साबुदाण्याची खीर, वरी, दुधात कुस्करलेलं केळं. खिचडी केली तर दाणे ताटाच्या कडेला निवडून ठेवलेले असायचे. मला वाटायचं, पित्त होत असेल. शेजारच्या गुजराती बेन भेटेल त्याला सांगायच्या, "काका तो भगत थई गया!" आणि मी मान डोलवायचे. शाळेत पोरांना नीट डोळे उघडून बघा म्हणून ओरडणारी मीच ती! बाबांच्या भक्तीचा मला चक्क गर्व झाला होता.

एका रविवारी त्यांनी खिळा तापवून कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं. अगदी नेमकं, गोल. "हात अजून कारागिराचा आहे हं," मी म्हटलं. नवं भोक लागलं कशाला, हे काही मी विचारलं नाही. संध्याकाळी सोसायटीच्या फाटकापर्यंत जाणारे बाबा हळूहळू अंगणातल्या झोपाळ्यापर्यंतच जायला लागले. उपासाने हलकं वाटतं, असं तेच म्हणायचे, आणि तेही मला पटायचं.

मग एका सकाळी चहा झाल्यावर ते खुर्चीतून उठायला गेले आणि त्यांना उठता आलं नाही. हात टेकले, पुढे झुकले, परत मागे बसले. असं तीनदा झालं. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसले. हा माणूस रेल्वेच्या डब्यांखाली आडवा पडून दिवसभर हातोडा मारायचा, आणि आज त्याला स्वतःचं अंग उचलेना.

आमच्या डॉक्टरांनी छाती तपासली, साखर बघितली, रक्तदाब घेतला. कशातच काही सापडलं नाही. हल्ली खातात काय, असं त्यांनी मला विचारलं आणि मी मोठ्या अभिमानाने उपासांची यादी ऐकवली. ते बाबांकडे वळले आणि म्हणाले, "काका, जरा मोढुं खोलो तो."

बाबा ओठ घट्ट मिटून बसले. मीच खेकसले, "बाबा, उघडा ना तोंड!" तेव्हा उघडलं. वरची कवळी काढली तर खाली हिरडी लालभडक होती आणि एका जागी पार सोलून निघालेली. खालचे उरलेसुरले दात बोट लावलं की हलत होते. कधीपासून आहे हे, तर बाबा म्हणाले, "झालं असेल वर्ष."

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. चावता येत नाही म्हणून माणूस पोळी सोडतो, उसळ सोडतो, दाणे सोडतो. मऊ आणि गोड खाऊन पोट भरतं, पण अंगावरचं मांस झडत जातं. ते या वयात लवकर भरून येत नाही, पूर्वीसारखं उठणं-चालणं जमेलच असं सांगता येत नाही, असंही ते म्हणाले.

घरी आल्यावर मी भडकले. "मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं," बाबा शांतपणे म्हणाले.

खरंच सांगितलं होतं. मी वह्या तपासत बसले होते. मान वर न करता मी म्हटलं होतं, "या वयात दुखायचंच, बाबा. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा." तेव्हापासून ते दोन्ही वेळा न चुकता गुळण्या करत होते. मला तो आवाज रोज ऐकू यायचा. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, आणि अजून वाटते.

मग मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. हलणारे दात काढले, हिरडी भरून आल्यावर नवी कवळी बसवली. रोज टॉर्च घेऊन तोंडाची तपासणी, रोज डाळ, पनीर, मऊ शिजवलेली उसळ, आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव, तोही माझा हात धरून. उपास बंद, असा फतवाच काढला. बाबांनी एका शब्दाने वाद घातला नाही.

गेल्या महिन्यात दुपारी मी ताट वाढलं तर त्यांनी ते हलकेच पुढे सरकवलं. "आज नको. संकष्टी आहे."

माझं डोकंच फिरलं. "पुन्हा लपवताय? उघडा तोंड!" त्यांनी मुकाट्याने आ केला. मी टॉर्च मारून कानाकोपरा बघितला. कुठे लाली नाही, कुठे जखम नाही. "काही झालेलं नाहीये. जेवा मुकाट्याने. परत आडवं पडायचंय का?"

ते जेवले. पोळी, भाजी, मटकीची उसळ, सगळं सावकाश चावून संपवलं. मग खुर्चीचे हात धरले आणि जोर लावला. पहिल्यांदा मागे बसले. मी पुढे झाले तर मानेनेच नको म्हणाले, आणि दुसऱ्या खेपेला उठून उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी, एकटे. मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

भिंतीला धरत ते बेसिनपाशी गेले. हात धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकीचे सगळे दातांसाठी होते गं. चतुर्थी तेवढी तिची होती."